हिमालयाच्या वाटेवरील सातवा दिवस

सुरत शहरातून दक्षिणेस निघून उधना ओलांडले की पांडेसरा लागते. येथे डोंगर नाही व टेकडीही नाही. मान वर करून पाहावे असे काही असेल तर ती कारखान्यांची धुराडी. तापीच्या गाळाची ही सपाट भूमी समुद्रसपाटीपेक्षा थोड्याच मीटरांनी उंच आहे. येथील औद्योगिक वसाहतीत कृत्रिम धाग्याचे कापड रात्रंदिवस रंगविले व छापले जाते, आणि त्या कामावर राबणाऱ्या माणसांत धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून ताप्ती लाइनच्या गाडीने आलेल्या मराठी कुटुंबांचा भरणा मोठा आहे. दोन वर्षांसाठी म्हणून जो आला त्याची नातवंडे आता येथल्या शाळेत जातात.

अशाच एका कुटुंबातील पती-पत्नी २०२३ सालच्या दिवाळीच्या सुटीत हिमालयात गेली आणि एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेने पायी चालली. त्या प्रवासातील एका दिवसाची हकीगत मी आज वाचकांपुढे ठेवीत आहे. ती मला दोघांनीही सांगितली, परंतु निरनिराळ्या वेळी; आणि दोघांच्या सांगण्यात जेथे फरक पडतो तेथे तो मी झाकलेला नाही. नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत. पायथ्याचा तळ, ज्यास बेस कॅम्प म्हणतात, तो त्यांनी पाहिला नाही, हेही येथेच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांची उगाच उत्कंठा ताणली जावयाची नाही.

पती एका मोठ्या गिरणीत रंगखात्याचे प्रमुख आहेत. सुरतेत अशा माणसास डाइंग मास्तर म्हणतात. पत्नी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका आहेत. जन्मात हाती खडू न धरलेला माणूस साऱ्या वस्तीत मास्तर म्हणून ओळखला जातो आणि घरातल्या खऱ्या मास्तरास केवळ बाई म्हणतात, असा विनोद त्यांची मुले करीत असतात. आपणही त्यांस मास्तर व बाई असेच म्हणू.

हिमालयाचा विचार प्रथम बाईंच्या मनात आला. २२ मे २०१९ रोजी सुरतेच्या आदिती आणि अनुजा वैद्य या दोन भगिनींनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. त्या बातमीचे कात्रण बाईंनी वर्गात वाचून दाखविले. मुलींपैकी एकीने विचारले, ‘‘बाई, तुम्ही पाहिला आहे का तो डोंगर?’’ बाईंनी नाही म्हटले खरे, परंतु तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. त्या वर्षी पोस्टात दरमहा रक्कम टाकण्यास प्रारंभ झाला. पुढे साथीची दोन वर्षे गेली. २०२३ साली लग्नास पंचवीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. तेव्हा सोन्याची बांगडी की हिमालय, असा प्रश्न मास्तरांनी केला आणि बाईंनी हिमालय मागितला.

तयारी त्यांनी प्रामाणिकपणे केली. रोज पहाटे इमारतीचे जिने चढणे-उतरणे झाले. सापुताऱ्याच्या चढणीवर पाय घटवून झाले. बागलाणातील साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला त्यांनी दोनदा चढला, आणि दोन्ही वेळा मास्तर बाईंच्या अर्धा तास आधी माथ्यावर पोहोचले. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरावयाची आहे. गिरण्या दिवाळीत बंद असतात आणि शाळेलाही त्याच सुमारास तीन आठवड्यांची सुटी असते. त्यामुळे रजेचा प्रश्न उद्भवला नाही. मात्र सामान भरताना एक वाद झाला. बाईंनी दिवाळीच्या फराळातील शंकरपाळ्यांची एक पिशवी आत ठेवली आणि मास्तरांनी वजनाच्या नावाखाली ती बाहेर काढली. ती पुन्हा आत कशी गेली, हे मास्तरांस फार उशिरा समजले.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंत जाणे म्हणजे एव्हरेस्ट चढणे नव्हे. शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. २०२० साली नेपाळ व चीन या दोन्ही देशांनी मिळून ती जाहीर केली. पायथ्याचा तळ सुमारे ५,३६४ मीटरांवर आहे. तेथपर्यंत दोर किंवा बर्फातली कुऱ्हाड लागत नाही. पायवाट आहे, तिच्यावर झुलते पूल आहेत, आणि रोज चार-सहा तास चालण्याची तयारी असली म्हणजे पुरते. सर्वसाधारण माणूस लुक्ला येथील विमानतळावर उतरतो. ही धावपट्टी अवघी ५२७ मीटर लांब असून उतरणीवर बांधलेली आहे. सर एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने ती १९६४ साली तयार झाली. तेथून फाकडिंग, नामचे बाजार, तेंगबोचे, डिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप असे मुक्काम करीत वर जावयाचे. जाताना आठ-नऊ दिवस लागतात, येताना तीन-चार पुरतात.

जाण्यास इतके दिवस का लागतात, हे ज्यास समजले त्यास या वाटेचे मर्म समजले. अंतर फारसे नाही. परंतु जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण पांडेसऱ्यास जे असते तेच तेथेही असते. पण हवाच विरळ झाल्याने प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू थोडा. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा भरतो. शरीर हे सोसू शकते, मात्र त्यास वेळ द्यावा लागतो. म्हणून जाणते लोक सांगतात की, तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात सुमारे पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावी थांबावे. दिवसा वर चढून आले तरी चालते. रात्री खाली झोपावे. आमचे दांपत्य नामचे येथे दोन रात्री आणि डिंगबोचे येथे दोन रात्री राहिले ते याच कारणाने.

आणखी एक गोष्ट आहे, ती तरुणांना मुळीच पटत नाही. उंचीचा त्रास कोणास होईल हे शरीराच्या बळावरून सांगता येत नाही. पहिलवानास होतो आणि किडकिडीत म्हाताऱ्यास होत नाही, असेही घडते. उलट, ज्याचे पाय बळकट तो वेगाने वर जातो आणि त्यामुळेच अनेकदा आधी अडचणीत सापडतो. आपल्या गावांतील मुलेही आता मे महिन्यात हिमाचलात वा उत्तराखंडात पाठीवर पिशव्या घेऊन जातात. त्यांच्या आईबापांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

राहण्याच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगतो. जिमी रॉबर्ट्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९६४ साली काठमांडूस पहिली प्रवासी कंपनी काढली, तेव्हा या वाटेवर जाणारा मनुष्य तंबू, शिधा व आचारी असा सारा लवाजमा बरोबर नेत असे. पुढे शेर्पा कुटुंबांनी आपल्या घरांतील एक-दोन खोल्या पाहुण्यांस दिल्या आणि होता होता वाटेवर लहान-मोठी विश्रामगृहे उभी राहिली. तंबूंचे गाव आता मुख्यतः शिखरावर जाणाऱ्यांसाठी, पायथ्याच्या तळावर वसते. विश्रामगृहातल्या खोल्यांच्या भिंती प्लायवूडच्या असतात; शेजारी कूस वळला तरी आपल्याला कळते. शेगडी एकच, आणि ती जेवणाच्या दालनात मध्यभागी. उंचावर झाडे नाहीत व राष्ट्रीय उद्यानात लाकूड तोडण्यास मनाई आहे, म्हणून याकच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या तीत जाळतात. आपल्याकडील गोवरीवर वाढलेल्या माणसास त्या वासाने घरी आल्यासारखे वाटते, असे बाई म्हणाल्या. डाळभात सर्वत्र मिळतो व तो पुन्हा पुन्हा वाढतात. उंची वाढते तसा त्याचा दरही वाढतो, कारण प्रत्येक दाणा माणसाच्या किंवा याकच्या पाठीवरून आलेला असतो.

आता तो सातवा दिवस.

आदल्या रात्रीच डिंगबोचे येथे मास्तरांचे डोके दुखू लागले होते. हे गाव ४,४१० मीटरांवर आहे. दगडी बांधांच्या आत बटाटा व जव यांची शेते आहेत. मास्तरांनी बाईंच्या नकळत वेदनाशामक गोळी घेतली. प्रत्येकाने दिवसाकाठी तीन-चार लिटर पाणी प्यावे, असे वाटाड्याने सांगितले होते. परंतु रात्री उठून गोठलेल्या अंगणातून संडासापर्यंत जावे लागू नये म्हणून मास्तर दोन दिवस पाणी टाळीत होते. हेही त्यांनी कोणास सांगितले नाही. गिरणीत तापाने फणफणलेले असतानाही बारा तासांची पाळी पुरी करणारा हा मनुष्य. दुखणे बोलून दाखविणे म्हणजे कामचुकारपणा, अशी त्यांची समजूत.

सकाळी न्याहारीस तिबेटी रोटी व चहा आला. मास्तरांनी रोटीचा एक तुकडा मोडला आणि बाकीची बशीत ठेवली. चहाही अर्धा राहिला.

‘‘अहो, चहा का टाकला?’’ बाईंनी विचारले.

‘‘अगं, गार झाला.’’

पंचवीस वर्षांत या माणसाने गार झाला म्हणून चहा टाकल्याचे बाईंना आठवेना. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. आपण तेव्हाच बोलावयास हवे होते, असे त्या आता म्हणतात. मास्तर म्हणतात, बोलली असती तरी मी ऐकले नसते. मला मास्तरांचे म्हणणे खरे वाटते.

सातच्या सुमारास ती निघाली. वाटाड्या पुढे होता; तो राई जातीचा, चाळिशीचा, हिंदी चांगले बोलणारा. हमाल दोघांचे सामान घेऊन आधीच पुढे गेला होता. त्या दिवशी लोबुचे येथे, सुमारे ४,९४० मीटरांवर मुक्काम करावयाचा होता. गावामागची चढण संपली की वाट एका रुंद पठारावरून हळूहळू वर जाते. डाव्या हाताला खाली फेरिचेचे खोरे, त्यापलीकडे ताबोचे आणि चोलात्से ही शिखरे, आणि मागे वळून पाहिले की आमा दब्लम. या नावाचा अर्थ मोठा गोड आहे. आमा म्हणजे आई, आणि दब्लम म्हणजे शेर्पा स्त्रिया गळ्यात घालतात ती ताईताची पेटी. दोन्ही बाजूंचे कडे आईच्या पसरलेल्या हातांसारखे, आणि मधोमध लोंबणारी हिमनदी ही ती पेटी. बाई दर शंभर पावलांना थांबून मागे पाहात होत्या. मास्तरांनी एकदाही मागे पाहिले नाही. ते खाली मान घालून चालत होते, आणि साल्हेरीवर अर्धा तास पुढे जाणारा हा गडी आज बाईंच्या मागे पडत होता.

वाटेत याकांचा तांडा आला. अशा वेळी डोंगराच्या अंगाला उभे राहावयाचे, दरीच्या अंगाला नव्हे, हा तेथला पहिला पाठ; ओझ्याचा धक्का लागून माणूस खाली जाऊ शकतो. मास्तर दरीकडे उभे राहिले. वाटाड्याने त्यांस दंडाला धरून आत ओढले आणि त्यांच्या तोंडाकडे क्षणभर निरखून पाहिले.

दहा वाजण्याच्या सुमारास हिमनदीच्या पाण्याचा ओढा लाकडी पुलावरून ओलांडून ती डुग्ला येथे पोहोचली. डुग्ला हे गाव नव्हे. ४,६२० मीटरांवरची चार-दोन विश्रामगृहे. यापुढे दोनशे मीटरांची उभी चढण आहे. तिच्या माथ्यावर एव्हरेस्टवर व आसपासच्या शिखरांवर मृत्यू पावलेल्यांसाठी रचलेली दगडांची स्मारके आहेत. १९९६ सालच्या वादळात गेलेला अमेरिकन वाटाड्या स्कॉट फिशर याचे तेथे आहे, आणि दहा वेळा शिखर गाठून २००१ साली हिमभेगेत पडून गेलेल्या बाबू चिरी शेर्पाचेही आहे. आमच्या दांपत्याने ती पाहिली नाहीत.

विश्रामगृहाच्या अंगणात बाकावर बसल्यावर लसणाचे सार आले. उंचीवर ते गुणकारी असते असा तेथील समज आहे. निदान त्याच्या निमित्ताने पोटात पाणी जाते. मास्तरांनी वाटी तोंडाजवळ नेली, आणि उठून कुंपणापलीकडे जाऊन वांती केली.

परत आल्यावर वाटाड्याने विचारले, ‘‘दाइ, डोके कधीपासून दुखते आहे?’’ दुखते आहे का, असे त्याने विचारले नाही. मास्तर म्हणाले, ‘‘आत्ताच थोडेसे.’’ बाईंनी त्यांच्या जाकिटाच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांची पट्टी बाहेर काढली. चार गोळ्या संपलेल्या होत्या.

वाटाड्याने मग एक परीक्षा घेतली. जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यास टेकवीत तिच्यावरून चालावयास सांगितले. मेंदूस सूज येऊ लागली असेल तर मनुष्य अशा वेळी झोकांड्या खातो. दारू प्यालेल्यांची परीक्षाही अशीच घेतात, परंतु गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे मास्तरांस ती ठाऊक नसावी. ते सरळ चालले. तेव्हा दुखणे अद्याप हाताबाहेर गेलेले नव्हते. पण डोकेदुखी, अन्नावरची वासना उडणे व वांती ही तीन लक्षणे एकत्र आल्यावर पुढे चढावयाचे नाही, हा नियम त्या वाटेवरच्या प्रत्येक जबाबदार वाटाड्यास पाठ असतो. न ऐकता जो चढतो त्याच्या मेंदूत वा फुप्फुसात पाणी साठू लागते. मग बसल्या जागी धाप लागते, बोलणे असंबद्ध होते, आणि त्वरित खाली नेले नाही तर मनुष्य एक-दोन दिवसांत दगावतो. अशा दुखण्यावर मुख्य औषध एकच: खाली उतरणे.

‘‘आज लोबुचे नाही,’’ वाटाड्या म्हणाला. ‘‘येथून दीड तासावर फेरिचे आहे. तेथे डॉक्टर आहेत.’’

यानंतर जे घडले ते मास्तरांनी मला सांगितले नाही. बाईंनी सांगितले, तेही बरेच आढेवेढे घेऊन. पुढे मास्तरांस विचारले तेव्हा त्यांनी ते खरे म्हणून मान्य केले. मास्तर भडकले. चार वर्षे पै पै साठवून, गिरणीतल्या साऱ्यांनी हार घालून निरोप दिल्यावर, दोन दिवसांच्या वाटेवरून मागे फिरावयाचे? लोकांना काय सांगावयाचे? बोलता बोलता ते मराठीवरून अहिराणीवर आले, आणि बाईंना म्हणाले की, दम तुला लागला आहे आणि नाव माझे पुढे करतेस. शेजारच्या बाकावर पुण्याकडचा एक चमू बसला होता. त्यांनी माना फिरविल्या.

हा आरोप अन्यायाचा होता. प्राणवायू अपुरा पडू लागला की मनुष्य चिडखोर होतो, आणि आपण आजारी आहोत हे त्यास पटत नाही, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा ते शब्द काही अंशी त्या उंचीचे होते, असे म्हणता येईल. परंतु सगळेच उंचीवर ढकलणे मला बरोबर वाटत नाही. बायकोच्या नावावर आपली दुर्बलता खपविण्याची सवय सपाटीवरही पुष्कळांना असते.

बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी मास्तरांची पाठपिशवी उचलून आपल्या खांद्यावर घेतली.

तेव्हा मास्तर निवळले आणि दुसरे काही बोलले, आणि माझ्या मते त्या दिवसातील खरा कठीण क्षण हाच. ते म्हणाले, ‘‘तुला काही झालेले नाही. तू या लोकांबरोबर पुढे जा. मी हमालाबरोबर खाली जाऊन झोपतो. तुझी इच्छा होती, ती तरी पुरी होऊ दे.’’ हे त्यांनी मनापासून म्हटले होते. पुण्याच्या मंडळींतील एक वयस्क गृहस्थही म्हणाले, ‘‘ताई, आमच्याबरोबर खुशाल चला, तीन दिवसांत परत आणून सोडतो.’’

बाई मला म्हणाल्या, ‘‘फादर, मी त्या चढणीकडे पाहिले. पाय चांगले होते. डोके हलके होते. जावेसे वाटले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.’’

पती-पत्नींनी जोडीने उंच पर्वतावर जावे, यात मोठी शोभा आहे आणि मोठे संकटही आहे. स्लोव्हेनियाचे आंद्रेय व मारिया श्त्रेम्फेल्य हे ७ ऑक्टोबर १९९० रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर एकत्र पोहोचलेले पहिले विवाहित जोडपे. ते सुखरूप परतले. १९९८ च्या मे महिन्यात फ्रान्सिस व सेर्गेई आर्सेन्तिएव हे दांपत्य नळकांड्यातील प्राणवायू न वापरता शिखरावर गेले. उतरताना दोघांची ताटातूट झाली. पत्नी मागे राहिली आहे हे कळताच पती पुन्हा वर गेला, आणि दोघांपैकी कोणीच परतले नाही. आपल्याकडचेही एक उदाहरण आहे, परंतु निराळ्या जातीचे. २०१६ साली पुण्याच्या पोलीस दलातील एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचे जाहीर केले. पुढे त्यांची छायाचित्रे बनावट ठरली आणि नेपाळ सरकारने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. शिखराचे चित्र घरी नेण्याची हाव माणसास कोठवर नेते ते त्यावरून दिसते. मास्तरांच्या खिशातही गिरणीच्या नावाचा एक कापडी फलक घडी करून ठेवलेला होता, तो तळावर धरून छायाचित्र काढावयाचे होते.

बाई पुण्याच्या गृहस्थांना म्हणाल्या, ‘‘दादा, तुमचे उपकार. पण यांना वाटेत ठेवून मी पुढे फोटो काढायला गेले, हे मुलांना कसे सांगू?’’ आणि त्या पुलाच्या दिशेने चालू लागल्या. मास्तर मागून आले.

वाटाड्यास मात्र याविषयी नंतर बाईंनी विचारले, तेव्हा त्याने भावनेचा शब्दही काढला नाही. तो म्हणाला, ‘‘दिदी, तुम्ही हो म्हटले असते तरी मी सोडले नसते. आजारी माणसास हमालाच्या हवाली करून कोणी पुढे जात नाही. हमालाने त्याची लक्षणे कशी ओळखावी?’’

उतरणीस दीड तासाऐवजी अडीच तास लागले. फेरिचेचे खोरे रुंद व सपाट आहे. दुपारनंतर तेथे असा वारा सुटतो की तोंडाला फडके बांधावे लागते. मास्तर दर दहा मिनिटांनी बसत. बाई पुढे न जाता त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालल्या. साल्हेरीवर मास्तरांना हे कधी जमले नव्हते, असे त्या हसत सांगतात. मास्तर तेथे हजर असले तर ते दुसरा विषय काढतात.

फेरिचे येथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. ही संस्था १९७३ साली स्थापन झाली. वसंत व शरद या दोन हंगामांत तेथे डॉक्टर येऊन राहतात. बहुतेक परदेशांतून सेवाभावाने आलेले असतात. ते प्रवाशांस तपासतात, तसेच खोऱ्यातील शेर्पांना व हमालांनाही तपासतात. हमालांची आठवण मुद्दाम केली आहे. त्यांतील पुष्कळ जण खालच्या खोऱ्यांतले असतात, उंचीशी त्यांचाही जन्माचा परिचय नसतो, आणि मजुरी बुडू नये म्हणून तेही दुखणे लपवितात. या बाबतीत मास्तर आणि ते एकाच जातीचे. दुपारी डॉक्टर उंचीच्या दुखण्यावर सर्वांसाठी व्याख्यान देतात. बाईंनी ते वहीत उतरवून घेतले. त्यातील एक वाक्य त्यांनी आता शाळेच्या फळ्यावर लिहिण्यासारखे मानले आहे: उंचीवर डोके दुखू लागले तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीचेच दुखणे समजावे.

डॉक्टर तरुण स्त्री होती. तिने मास्तरांच्या बोटास चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजला, छातीचे ठोके व श्वास ऐकला, पुन्हा रेघेवरून चालविले, आणि सांगितले की फुप्फुसे स्वच्छ आहेत. आज येथेच राहा, पाणी प्या, वर जाण्याचे मनात आणू नका. रात्री बिघडले तर लगेच उठवा, आम्ही तयार असतो. मग बाईंकडे वळून म्हणाली, तुम्ही यांना रात्रीतून दोन-तीनदा जागे करा. नीट बोलतात का, उभे राहता येते का आणि धाप लागते का ते पाहा. मास्तरांनी विचारले, ‘‘परवा वर जाता येईल का?’’ ती म्हणाली, सारी लक्षणे गेली तर विचार करता येईल. परंतु सुटीचे दिवस मोजलेले होते आणि परतीच्या विमानाचा दिवस ठरलेला होता. दोघांनी हिशेब केला आणि तिसऱ्या दिवशी ती नामचेस उतरून आली. कापडी फलक घडी न उलगडता पांडेसऱ्यास परत आला.

त्या संध्याकाळी शेगडीभोवती बरीच मंडळी जमली होती. जो तो आपण कोठवर जाऊन आलो ते सांगत होता. मास्तर कोपऱ्यात पांघरूण घेऊन बसले होते. कोणी विचारले की ते, ‘‘डुग्ला,’’ असे म्हणत आणि गप्प होत. जेवणाच्या वेळी डाळभाताची थाळी आली, तेव्हा त्यांनी पाच-सहा घास खाल्ले. वाटाड्याने ते मोजल्यासारखे पाहिले आणि समाधानाने आपले ताट पुढे ओढले.

रात्री बाहेर पारा शून्याच्या बराच खाली गेला. खोलीत बाटलीतल्या पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून ती पांघरुणात घ्यावी लागली. बाईंनी अकरा, दोन आणि चार वाजताचा गजर लावला होता. अकराला मास्तर कुरकुरत उभे राहिले, आपले नाव, गाव व गिरणीतील खाते सांगून पुन्हा आडवे झाले. दोनला त्यांनी न सांगता पाणी मागितले व अर्धी बाटली संपविली. डोके अद्याप ठणकत होते, पण कमी. सकाळचे ते शब्द त्यांस आठवत होते की नव्हते, हे बाईंनी विचारले नाही. मास्तरांनीच अंधारात म्हटले, ‘‘त्या पुण्याच्या लोकांसमोर मी फार बोललो.’’ बाई म्हणाल्या, ‘‘झोपा आता.’’

चारच्या गजराला बाई उठल्या, तो मास्तर आधीच जागे होते.

‘‘डोके?’’

‘‘नाही. भूक लागली आहे.’’

स्वयंपाकघर उघडण्यास दोन तास अवकाश होता. बाईंनी आपल्या पिशवीच्या तळाशी हात घालून शंकरपाळ्यांची ती पिशवी वर काढली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, काही बोलले नाहीत, आणि मूठ भरून घेतली. थंडीने ते इतके कडक झाले होते की, प्रत्येक घासास मोठा आवाज होई. थोड्या वेळाने शेजारच्या खोलीतील कोणा प्रवाशाने प्लायवूडच्या भिंतीवर बोटाने टकटक केले.